पांढऱ्या जर्सीची किंमत

तुमच्या कपाटात फुटबॉलची एखादी जर्सी असेलच. खरं सांगा, ओरिजिनल आहे की बाजारातली? माझी बाजारातलीच. घासाघीस करून घेतलेली आणि तिसऱ्या धुण्यात पाठीवरचा नंबर निघून गेलेली. अस्सल जर्सी घ्यायची तर चार-पाच हजार मोजावे लागतात. हिंगोलीत खोली करून राहणाऱ्या पोराचं तेवढ्यात दोन महिन्यांचं मेसचं बिल भागतं.

त्यात क्लब दरवर्षी नवी जर्सी काढतात. घरच्या मैदानाची वेगळी, बाहेरची वेगळी, शिवाय तिसरी. चाहते चिडतात, क्लबला लुटारू म्हणतात आणि पुढच्या महिन्यात तीच जर्सी घालून सेल्फीही टाकतात. हा प्रकार सुरू कुठून झाला, हे शोधायला गेलात तर एक माणूस हमखास भेटतो. त्याचं नाव डॉन रेव्ही.

चिंध्यांचा बॉल

रेव्हीचा जन्म १० जुलै १९२७ चा, इंग्लंडमधल्या मिडल्सब्रो या कारखान्यांच्या गावातला. वडील सुतार होते, पण ते मंदीचे दिवस होते आणि हाताला काम नव्हतं. आई लोकांचे कपडे धुऊन घराला हातभार लावायची. बॉल घ्यायला पैसे नसल्यामुळे पोरगा गल्लीत चिंध्यांचं गाठोडं लाथाडत खेळायचा. तो १२ वर्षांचा असताना आई कॅन्सरने गेली.

हे चिंध्यांचं गाठोडं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रेव्ही खेळाडू म्हणून नावारूपाला आला तो मँचेस्टर सिटीकडून. तेव्हा सेंटर फॉरवर्ड म्हणजे गोलसमोर ठाण मांडून बसणारा माणूस. हंगेरीच्या संघाचं बघून सिटीने रेव्हीला मागे खेळवलं. तिथून तो चेंडू वाटायचा आणि समोरच्या बचावपटूला कळायचंच नाही की आता धरायचं कुणाला. या पद्धतीला त्याचंच नाव पडलं, 'रेव्ही प्लॅन'. १९५५ मध्ये तो इंग्लंडमधला वर्षाचा सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरला आणि १९५६ मध्ये सिटीने एफए कप जिंकला.

निळ्याचं पांढरं

मार्च १९६१ मध्ये लीड्स युनायटेडने त्याला खेळाडू-मॅनेजर केलं. क्लब दुसऱ्या श्रेणीत होता आणि पुढच्याच वर्षी तिसऱ्या श्रेणीत घसरता घसरता वाचला. अशा क्लबच्या मॅनेजरने पहिल्यांदा काय करावं? रेव्हीने कपड्यांचा रंग बदलला. जुना निळा-सोनेरी रंग काढून टाकला आणि संघाला डोक्यापासून पायापर्यंत पांढरं केलं. कारण त्या काळी रिअल माद्रिद पांढऱ्यात खेळायचं आणि युरोपात त्यांना तोड नव्हती. आपल्या पोरांनी स्वतःला त्याच तोलामोलाचं समजावं, एवढाच हेतू होता. तेव्हा यात विकायचं काहीच नव्हतं.

माणूस भयंकर अंधश्रद्धाळू होता. एक निळा सूट त्याने 'लकी' म्हणून झिजेपर्यंत वापरला. लीड्स शहराच्या चिन्हात घुबडं आहेत आणि संघाच्या जर्सीवरही घुबड होतं. पक्षी अपशकुनी म्हणून रेव्हीने ते काढायला लावलं, असं सांगतात. आपल्याकडे घुबड हे लक्ष्मीचं वाहन मानतात. लीड्समध्ये मात्र ते उडालं आणि मग लक्ष्मी आली!

१९६४ मध्ये लीड्स पहिल्या श्रेणीत पोहोचलं. १९६९ मध्ये लीग जिंकली, १९७२ मध्ये एफए कप आणि १९७४ मध्ये पुन्हा लीग. संघ धसमुसळा खेळतो म्हणून बाहेरचे लोक नावं ठेवायचे, पण लीड्समध्ये रेव्ही घरचा कर्ता माणूस होता. क्लबमध्ये कपडे धुणाऱ्या बायकांचीही तो आपुलकीने चौकशी करायचा. का, ते तुम्हाला सांगायला नको.

जर्सीचं दुकान

आता १९७३ मध्ये या. लेस्टरजवळ विगस्टन इथे बर्ट पॅट्रिक यांची होजिअरीची फॅक्टरी होती, ब्रँड होता 'अ‍ॅडमिरल'. त्यांच्या डोक्यात एक सरळ विचार आला. पोरांना आपल्या हिरोची जर्सी हवी असते, मग ती आपणच का विकू नये? पण अडचण होती. साधा पांढरा शर्ट कुणाच्या मालकीचा नसतो. कुठलीही आई दुकानातून पांढरा शर्ट आणून पोराला लीड्सचा खेळाडू बनवू शकत होती.

रेव्हीशी बोलणी झाली आणि वाट निघाली. अ‍ॅडमिरलने बाहेरच्या मैदानासाठी नवी पिवळी जर्सी आणि खेळाडूंसाठी ट्रॅकसूट तयार केले. कपड्यांवर कंपनीचा लोगो आला. त्याच वर्षी क्लबचं 'एल' आणि 'यू' या अक्षरांतून हसरा चेहरा दिसणारं चिन्हही आलं. डिझाइन आणि लोगो यांच्यावर हक्क सांगता येतो, त्यामुळे तशीच जर्सी हवी असेल तर कंपनीकडेच जावं लागणार. कंपनी क्लबला पैसे देणार आणि ते वसूल होणार चाहत्यांकडून. तुमच्या-माझ्या जर्सीचा धंदा आजही याच हिशेबावर चालतो.

१९७४ मध्ये रेव्ही इंग्लंडचा मॅनेजर झाला आणि अ‍ॅडमिरलही मागोमाग आलं. इंग्लंडच्या साध्या पांढऱ्या शर्टाच्या बाह्यांवर लाल-निळे पट्टे आले आणि राष्ट्रीय संघाच्या छातीवर पहिल्यांदाच कंपनीचा लोगो दिसला. पोरं खूश, आईबाप हैराण. काल चालत होता तो साधा शर्ट आज पोराला चालेना. देशाची जर्सी विकायला काढली, अशी टीका झाली आणि रेव्ही पैशाचा लोभी आहे हा शिक्का आणखी गडद झाला.

इथे ते चिंध्यांचं गाठोडं आठवा. ज्या घरात बॉल घेणं परवडत नव्हतं तिथून आलेल्या माणसाने जर्सी महाग केली. तुम्ही याला ढोंग म्हणाल. मला वाटतं, त्याला गरिबीची भीती आयुष्यभर पुरली. १९७७ मध्ये इंग्लंडची नोकरी अर्ध्यावर सोडून तो संयुक्त अरब अमिरातीला गेला, चार वर्षांच्या सुमारे ३ लाख ४० हजार पौंडांच्या करमुक्त करारावर. देशात संतापाची लाट उठली. फुटबॉल असोसिएशनने घातलेली १० वर्षांची बंदी १९७९ मध्ये हायकोर्टाने उठवली, पण गेलेली इज्जत कोर्ट परत देऊ शकलं नाही.

पुढे त्याला मोटर न्यूरॉनचा आजार झाला. ज्या माणसाने पोरांना पळवलं, तो व्हीलचेअरवर आला. २६ मे १९८९ रोजी एडिनबरामध्ये तो गेला.

चाहता गिऱ्हाईक असतो का?

गोष्ट इथे संपत नाही. जानेवारी २०१८ मध्ये लीड्सने शताब्दीसाठी नवं चिन्ह आणलं, छातीवर मूठ ठेवलेला माणूस. सहा महिने काम केलं, १० हजार जणांशी बोललो, असा क्लबचा दावा होता. चाहत्यांनी बघितलं आणि खिल्ली उडवली. बघता बघता ५० हजारांहून जास्त लोकांनी विरोधात सह्या केल्या आणि क्लबला ते चिन्ह मागे घ्यावं लागलं. आपल्याकडेही मोहन बागानच्या नावापुढे 'एटीके' लागलं तेव्हा चाहते तीन वर्षं भांडले. मार्च २०२३ मध्ये गोव्यात फातोर्ड्याला संघाने आयएसएल जिंकली आणि त्याच रात्री मालकांनी ते नाव काढायची घोषणा केली.

मग रेव्हीचा पांढरा रंग लोकांनी का स्वीकारला? तोही वरूनच लादलेला होता. माझं उत्तर असं आहे की त्या रंगात संघ आधी घाम गाळून जिंकला आणि दुकान त्यानंतर आलं. २०१८ मध्ये घाई दुकानालाच होती.

एलंड रोड स्टेडियमबाहेर २०१२ पासून रेव्हीचा पुतळा उभा आहे. एफए कप विजयाला ४० वर्षं झाली तेव्हा तो चाहत्यांच्या वर्गणीतून उभारला गेला. वर्गणी काय असते ते आपल्याला गणपतीमुळे चांगलं माहीत आहे. तिला जाहिरात लागत नाही.

पुढची जर्सी घ्याल तेव्हा किमतीवरून खुशाल चिडा, तो तुमचा हक्क आहे. आणि पैसे नसतील तर साधा पांढरा शर्ट घाला, मैदानात उतरा. त्यावर अजूनही कुणाची मालकी नाही.