विश्लेषण : रस्ता मोकळा करणाऱ्या राणेंना परमवीर चक्र का मिळाले?

परमवीर चक्र म्हटले की शत्रूच्या खंदकावर तुटून पडलेला सैनिक डोळ्यांसमोर येतो. सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांना मात्र हा सन्मान मिळाला तो रस्ता मोकळा केल्याबद्दल. सुरुंग काढणे, आडवी पाडलेली झाडे उडवणे, तुटलेल्या मोरीला वळसा घालणारी वाट करणे, असे ते काम. ते चार दिवस चालले आणि त्यातला बराच वेळ शत्रूचा गोळीबार सुरू होता.

राणे मूळचे कुठले?

कारवारजवळच्या चेंडिया गावचे. जन्म २६ जून १९१८. वडील पोलीस शिपाई. १९४० मध्ये ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, म्हणजे आजच्या बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाले. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जपान्यांशी लढले, हवालदार झाले. अधिकारीपद मिळाले डिसेंबर १९४७ मध्ये. म्हणजे पुढची घटना घडली तेव्हा खांद्यावरचा तारा चार महिन्यांचाही नव्हता.

राजौरीच्या वाटेवर काय घडले?

एप्रिल १९४८. नौशेराहून राजौरीकडे निघालेल्या भारतीय तुकडीला रणगाड्यांची साथ हवी होती आणि रणगाड्यांना रस्ता. शत्रूने तो जागोजागी अडवून ठेवला होता. ८ एप्रिलला सकाळी अकराच्या सुमारास उखळी तोफांचा मारा सुरू झाला. राणे यांच्या पथकातले दोघे ठार, पाच जखमी. जखमींत स्वतः राणेही होते. तरी त्यांनी उरलेल्यांना गोळा करून काम सुरू केले. संध्याकाळी बरवाली टेकडी डोगरा जवानांच्या हाती आली. राणे रात्री दहापर्यंत रस्त्यावरच होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला पुन्हा सुरुवात. वाटेत पाइनचे ओंडके, फोडलेली मोरी, वरून मशीनगन. अंधार पडताना समोर आले पाच मोठी झाडे आणि भोवती पेरलेले सुरुंग. १० तारखेला पहाटे पावणेपाचला सुरू करून साडेसहाला तो अडथळाही दूर झाला. दुपारी रणगाडे चिंगसला पोहोचले. राणे मात्र मागेच थांबले, कारण रसद घेऊन येणाऱ्या गाड्यांनाही वाट हवी होती. त्या दिवशी अन्न आणि विश्रांतीविना रात्री नऊपर्यंत काम चालले. ११ तारखेला चिंगसपर्यंतचा रस्ता खुला झाला. १२ एप्रिलला राजौरी भारतीय सैन्याच्या ताब्यात आली.

१९४७-४८ च्या युद्धासाठी पाच जणांना परमवीर चक्र जाहीर झाले. त्यांतले तिघे रणांगणावरच कामी आले होते. हयात होते ते राणे आणि करम सिंग.

राणे मेजर म्हणून निवृत्त झाले. ११ जुलै १९९४ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्याआधी दहा वर्षे, भारतीय नौवहन महामंडळाच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव देण्यात आले होते. आपल्या नावाचे जहाज समुद्रात असताना राणे हयात होते.