दीनांच्या दारी

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या पूर्वभागात एके काळी अतिशय दाट वस्ती होती. युरोपातून उदरनिर्वाहासाठी आलेली सहस्रावधी कुटुंबे तेथील कोंदट, काळोख्या चाळींत राहत. 1893 साली एक तरुण परिचारिका या वस्तीतील स्त्रियांना गृहशुश्रूषेचे धडे देत असे. एके दिवशी एका लहान मुलीने तिला आपल्या घरी नेले. दोन खोल्यांत सात माणसे, शिवाय भाडेकरू. आणि मळक्या अंथरुणावर रक्तस्रावाने क्षीण झालेली त्या मुलीची आई! परिचारिकेने तिची शुश्रूषा केली, घर स्वच्छ केले आणि त्याच वस्तीत राहण्याचा निश्चय केला.

ही परिचारिका म्हणजे लिलियन वाल्ड. त्यांचा जन्म 1867 मध्ये सिनसिनाटी येथे एका सुखवस्तू कुटुंबात झाला. 1891 मध्ये परिचारिकेचे शिक्षण पुरे करून त्या वैद्यकाचा अभ्यास करू लागल्या होत्या. तो त्यांनी सोडून दिला. मेरी ब्रूस्टर या मैत्रिणीसह त्या चाळीत राहावयास गेल्या. 1895 मध्ये जेकब शिफ या धनिकाच्या साहाय्याने हेन्री मार्गावर त्यांना घर मिळाले. तेथून परिचारिका घरोघर जाऊ लागल्या. ज्याला शक्य असेल त्याने अल्प मोबदला द्यावा, नसेल त्याची सेवा विनामूल्य व्हावी, असा नियम होता. धर्म, वंश वा देश यांचा भेद तेथे नव्हता. 1906 मध्ये एलिझाबेथ टायलर ही कृष्णवर्णीय परिचारिकाही या कार्यात सामील झाली.

केवळ औषधाने रोग हटत नाही; दारिद्र्य, अस्वच्छता व अज्ञान ही त्याची मुळे होत, हे वाल्डबाईंनी ओळखले. त्या काळी खरूज, नेत्ररोग असलेल्या मुलांना शाळेतून घरी धाडीत. परंतु त्यांच्यावर उपचार मात्र कोणी करीत नसे. वाल्डबाईंच्या आग्रहावरून 1902 मध्ये लीना रॉजर्स या परिचारिकेची चार शाळांत महिनाभर प्रयोगादाखल योजना झाली. ती मुलांवर शाळेतच उपचार करी व घरी जाऊन आईबापांस समजावी. मुले पुन्हा वर्गात दिसू लागली. तेव्हा नगरपालिकेने स्वखर्चाने आणखी परिचारिका नेमल्या.

कोवळ्या मुलांना कारखान्यांत राबविण्याविरुद्धही त्या झगडल्या. बालकांच्या हितासाठी सरकारी खाते असावे, हा त्यांचा आग्रह 1912 मध्ये सफल झाला. 1940 मध्ये त्यांचे निधन झाले.

रुग्ण दारी येण्याची वाट न पाहता त्या स्वतः रुग्णाच्या दारी गेल्या; आणि तेथे जे पाहिले, ते राज्यकर्त्यांच्या कानी घातल्यावाचून राहिल्या नाहीत. आरोग्य ही श्रीमंतांची मिरास नसून सर्वांचा हक्क आहे, हेच त्यांच्या जीवनाचे सार होय.