विश्लेषण : ‘आदर्श’ वसाहतीत हॉथॉर्न का रमले नाहीत?

एप्रिल १८४१. बॉस्टनजवळच्या ब्रूक फार्मवर नॅथॅनिएल हॉथॉर्न दाखल झाले, तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. बॉस्टनच्या कस्टम हाऊसमधील नोकरी सुटलेली, सोफिया पीबॉडीशी लग्न ठरलेले आणि संसार थाटायला घर नाही. जॉर्ज रिप्ले या माजी धर्मोपदेशकाने तिथे नवी वसाहत उभारली होती. सर्वांनी मिळून शेतात राबायचे आणि उरलेला वेळ वाचन-लेखनाला द्यायचा, अशी कल्पना. हॉथॉर्न यांनी त्यात एक हजार डॉलर गुंतवले.

उरलेला वेळ मात्र उरलाच नाही. गवत कापणे, दूध काढणे आणि मुख्य म्हणजे शेणखताचा ढीग उपसणे! संध्याकाळी हात इतके भरून येत की लेखणी धरवत नसे. लेखकासाठी हा सौदा महागच. नोव्हेंबरपर्यंत ते बाहेर पडले. पुढच्या वर्षी लग्न करून काँकर्डमध्ये भाड्याच्या घरात राहू लागले. गुंतवलेले पैसे परत मिळेनात, तेव्हा १८४५मध्ये त्यांनी रिप्ले यांच्यावर दावा दाखल केला. वसाहत १८४७मध्ये मोडली.

‘द ब्लाइथडेल रोमान्स’ ही कादंबरी आली १८५२मध्ये. तिच्यात समाजसुधारणेच्या एकाच ध्येयाने पछाडलेला हॉलिंग्सवर्थ आहे आणि अखेर पाण्यात जीव देणारी मानी झेनोबियाही. पात्रे काल्पनिक असल्याचे हॉथॉर्न यांनी प्रस्तावनेत बजावले, तरी अनेकांना झेनोबियात ब्रूक फार्मवर ये-जा असलेल्या मार्गारेट फुलर दिसल्या. फुलर दोनच वर्षांपूर्वी जहाज फुटून बुडाल्या होत्या. त्याच प्रस्तावनेत हॉथॉर्न यांनी ब्रूक फार्मचे दिवस आपल्या आयुष्यातील सर्वांत अद्भुतरम्य मानले आहेत.