विश्लेषण : हवेतून नाण्यांचा पाऊस पाडणारे ‘नाण्यांचे राजे’ कोण होते? त्यांच्या हातचलाखीचा नागझिऱ्याच्या जंगलाशी काय संबंध?

‘पैशांचा पाऊस पाडून देतो’ असे सांगून फसवणूक केल्याच्या बातम्या विदर्भात अधूनमधून येतच असतात. या फसवणुकीची झळ फक्त माणसांना बसत नाही. पूजेला लागते म्हणून खवल्या मांजर, मांडूळ, कासव, घुबड असे वन्यजीव पकडले जातात. गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत पसरलेल्या नागझिऱ्यासारख्या जंगलांतील प्राण्यांना त्याचा थेट धोका असतो.

हवेतून पैसे काढून दाखवणे ही मुळात रंगमंचावरची एक जुनी आणि नावाजलेली कला आहे. या कलेत जगभर नाव मिळवले ते अमेरिकेतील एका तारबाबूने. त्यांचे नाव टी. नेल्सन डाऊन्स. रोज रात्री शेकडो प्रेक्षकांसमोर ते रिकाम्या हाताने हवेतून नाणी काढत आणि टोपी भरत. पण आपल्याकडे दैवी शक्ती असल्याचा दावा त्यांनी केला नाही. उलट, हे कसे करायचे ते त्यांनी पुस्तकात छापले. डाऊन्स कोण होते, नाणे हातात लपते कसे आणि ही माहिती आज का उपयोगाची आहे, ते पाहू.

टी. नेल्सन डाऊन्स कोण होते?

थॉमस नेल्सन डाऊन्स यांचा जन्म १६ मार्च १८६७ रोजी अमेरिकेतील आयोवा राज्यात माँटूर या छोट्या गावात झाला. घरात जादूची परंपरा नव्हती आणि शिकवायला गुरूही नव्हता. लहानपणापासून ते स्वतःच हातचलाखी शिकत गेले.

त्या काळात हे गुपित हळूहळू छापील पुस्तकांत येऊ लागले होते. आधुनिक जादूचे जनक मानले जाणारे फ्रान्सचे रॉबेर-हूदँ यांनी १८६८ मध्ये हातचलाखीची तंत्रे सविस्तर लिहिली होती. इंग्लंडमध्ये प्रोफेसर हॉफमन या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका बॅरिस्टरचे ‘मॉडर्न मॅजिक’ हे पुस्तक १८७६ मध्ये आले. तेव्हा डाऊन्स नऊ वर्षांचे होते. हवेतून नाणी काढण्याचा प्रयोग या दोन्ही लेखकांना माहीत होता. म्हणजे डाऊन्स यांनी तो शोधून काढला नाही. अनेक जादूंपैकी एक असलेल्या या प्रयोगाचा त्यांनी स्वतंत्र, संपूर्ण कार्यक्रम उभा केला.

रेल्वेच्या तारघरात रियाज कसा झाला?

वयाच्या १७ व्या वर्षी डाऊन्स रेल्वेत तारबाबू म्हणून लागले. हे काम एका अर्थाने त्यांच्या पथ्यावर पडले. तारेच्या यंत्रावर दिवसभर बोटे चालवायची आणि दोन संदेशांमध्ये वेळ मिळाला की हातात नाणे घेऊन बसायचे, असा त्यांचा क्रम झाला.

डाऊन्स वापरत ती नाणी अमेरिकेच्या चांदीच्या अर्ध्या डॉलरच्या आकाराची होती. हा अर्धा डॉलर सुमारे ३०.६ मिलिमीटर व्यासाचा आणि साडेबारा ग्रॅम वजनाचा. आपल्याकडचा ब्रिटिश काळातील चांदीचा बंदा रुपयाही जवळपास एवढाच होता. आजचे दहा रुपयांचे नाणे २७ मिलिमीटरचे, म्हणजे त्याहून लहान आहे. इतके मोठे नाणे लपवणे अवघड वाटते, पण प्रत्यक्षात ते हाताला चांगले बसते. त्याची कड दातेरी असल्यामुळे कातडीवर पकड मिळते आणि नाणे घसरत नाही.

नाणे हातात लपते कसे?

हातात नाणे गुपचूप धरून ठेवण्याला जादूगारांच्या भाषेत ‘पाम’ करणे म्हणतात. त्याचे प्रमुख प्रकार असे :

क्लासिक पाम : नाणे तळहाताच्या मध्यभागी असते. अंगठ्याखालचा उंचवटा आणि करंगळीखालचा उंचवटा यांच्यात ते किंचित दाबून धरले जाते. बोटे मोकळी राहतात, त्यामुळे त्याच हाताने रुमाल किंवा पेला उचलता येतो.

फिंगर पाम : नाणे मधल्या आणि अनामिकेच्या मुळाशी ठेवून बोटे किंचित वाकवली जातात. चालताना आपला हात सहज लोंबतो तसाच तो दिसतो. नवशिक्यांना हा प्रकार आधी शिकवतात.

थंब पाम : अंगठा आणि तळहात यांच्या बेचक्यात नाणे आडवे धरले जाते.

बॅक पाम : नाणे पंजाच्या मागच्या बाजूला जाते. तर्जनी आणि करंगळी यांच्या कडांनी ते पकडले जाते. समोरून तळहात पूर्ण रिकामा दिसतो.

डाऊन्स पाम : हा प्रकार डाऊन्स यांच्याच नावाने ओळखला जातो. नाणे अंगठा आणि तर्जनीच्या बेचक्यात, तळहाताला काटकोनात, कडांवर धरलेले असते. बोटे फाकवून पंजा दाखवला तरी कोन बरोबर साधला असेल तर नाणे दिसत नाही. मग बोटांची टोके आत वळवून ते क्षणात बाहेर काढता येते.

नाणे लपवण्याइतकेच हात नैसर्गिक दिसण्यालाही महत्त्व असते. नाणे धरलेला हात आखडला की प्रेक्षकाला संशय येतो. म्हणून रिकामा हात आणि भरलेला हात अगदी सारखा दिसेपर्यंत सराव करावा लागतो.

दुसरी गोष्ट नजरेची. जादूगार ज्या हाताकडे पाहतो, त्याच हाताकडे प्रेक्षक पाहतात. एका हातातून दुसऱ्या हातात नाणे ठेवल्याचा देखावा करताना नाण्याची चमक शेवटच्या क्षणापर्यंत दिसू दिली, तर ते दुसऱ्या हातात गेलेच, अशी पाहणाऱ्याची खात्री पटते. नाणे मात्र पहिल्याच हातात राहिलेले असते.

‘कंजूषाचे स्वप्न’ हा प्रयोग काय होता?

डाऊन्स यांच्यामुळे हा प्रयोग ‘द मायझर्स ड्रीम’, म्हणजे ‘कंजूषाचे स्वप्न’, या नावाने प्रसिद्ध झाला. जादूगार रिकामी टोपी दाखवतो. मग हवेत हात घालून एक नाणे काढतो आणि टोपीत टाकतो. खणकन आवाज येतो. पुन्हा हवेतून दुसरे नाणे, पुन्हा खणकन आवाज. प्रेक्षकाच्या कोपरातून, दाढीतून, रुमालातून नाणी निघत राहतात.

याची मूळ युक्ती सोपी आहे. डाव्या हाताने टोपी धरताना बोटे टोपीच्या आत असतात आणि त्या बोटांखाली नाण्यांची चळत लपलेली असते. उजव्या हातात एकच नाणे ‘पाम’ केलेले असते. उजवा हात ते नाणे हवेतून आल्यासारखे दाखवतो, टोपीत टाकल्याचा देखावा करतो, पण प्रत्यक्षात पुन्हा लपवतो. त्याच क्षणी डावा हात चळतीतले एक नाणे खाली सोडतो. डोळ्यांना दिसलेले नाणे आणि कानांना ऐकू आलेले नाणे अशी ही दोन वेगवेगळी नाणी असतात. पाहणारा दोन्ही जोडून एकच घटना समजतो.

युक्ती सोपी असली तरी सादरीकरण अवघड आहे. आवाज अर्धा सेकंद आधी किंवा नंतर आला तरी सगळे उघडे पडते. डाऊन्स यांची ख्याती याच अचूकपणामुळे झाली.

लंडनमध्ये काय घडले?

१८९५ मध्ये डाऊन्स यांनी व्यावसायिक रंगमंचावर पाऊल ठेवले. अमेरिकेत तेव्हा ‘वॉदव्हिल’ नावाचे करमणुकीचे कार्यक्रम लोकप्रिय होते. गाणी, कसरती, नकला, जादू असे एकामागून एक छोटे कार्यक्रम त्यात असत. मोठ्या पेट्या आणि साहाय्यकांचा ताफा घेऊन फिरणाऱ्या जादूगारांच्या काळात डाऊन्स फक्त नाणी आणि टोपी घेऊन उभे राहत.

१८९९ मध्ये ते लंडनच्या पॅलेस थिएटरमध्ये गेले. थोड्या दिवसांसाठी ठरलेला हा कार्यक्रम लोकांच्या प्रतिसादामुळे सुमारे सहा महिने चालला. पुढे युरोपातील इतर मोठ्या शहरांतही त्यांचे प्रयोग झाले. जाहिरातीत त्यांना ‘किंग ऑफ कॉइन्स’ म्हटले जाई आणि लक्ष वेधण्यासाठी ‘कॉइन्स’चे स्पेलिंग मुद्दाम ‘के’ अक्षराने लिहिले जाई. बेड्या तोडण्यासाठी नंतर जगप्रसिद्ध झालेले हॅरी हुडिनी हे त्यांचे मित्र होते. त्या काळात हुडिनी स्वतःला ‘पत्त्यांचा राजा’ म्हणवून घेत.

गुपित पुस्तकात का छापले?

१९०० मध्ये लंडनमध्ये डाऊन्स यांचे ‘मॉडर्न कॉइन मॅनिप्युलेशन’ हे पुस्तक आले. नाणे कुठे धरायचे, बोटे कशी वाकवायची, आवाज कधी करायचा, हे त्यात दिले होते. १९०९ मध्ये ‘द आर्ट ऑफ मॅजिक’ हे त्यांचे दुसरे महत्त्वाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. जादूगार आजही ही पुस्तके अभ्यासतात.

पुस्तक बाजारात आल्यावरही त्यांचे प्रयोग थांबले नाहीत. तंत्र कळले तरी ते करता येण्यासाठी वर्षानुवर्षांचा सराव लागतो, हे त्याचे कारण. शिवाय ही हातचलाखी आहे, हे प्रेक्षकालाही ठाऊक असे. तिकिटाचे पैसे तो त्या कौशल्यासाठी देत असे.

१९१२ च्या सुमारास डाऊन्स निवृत्त होऊन आयोवातील मार्शलटाऊन येथे स्थायिक झाले. ११ सप्टेंबर १९३८ रोजी वयाच्या ७१ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मग नागझिऱ्याशी याचा संबंध काय?

पैशांचा पाऊस पाडणारे भोंदू डाऊन्स यांचीच जुनी युक्ती वापरतात. फरक दाव्याचा आहे. अंधारात, धुरात, मंत्र म्हणत दोन-चार नाणी किंवा नोटा ‘हवेतून’ पाडून दाखवल्या जातात. समोरच्याची खात्री पटली की मोठ्या पावसासाठी मोठी पूजा सांगितली जाते. त्यासाठी आगाऊ रक्कम मागितली जाते आणि कधी विशिष्ट वजनाचे मांडूळ, कधी ठरावीक नखांचे कासव, कधी खवल्या मांजर आणायला सांगितले जाते.

नागझिरा १९७० मध्ये अभयारण्य झाले. चोरखमारा, मंगेझरी, पिटेझरी ही त्याची प्रवेशद्वारे पर्यटकांना परिचित आहेत. वाघ, बिबट आणि रानकुत्र्यांसाठी हे जंगल ओळखले जाते, पण भोंदूंचे लक्ष असते ते लहान, सहज पकडता येणाऱ्या प्राण्यांवर. खवल्या मांजर मुंग्या आणि वाळवी खाते. धोका जाणवला की ते पळत नाही, अंगाचा गोळा करून पडून राहते. त्यामुळे माणूस ते हातानेही उचलू शकतो. मादी एका वेळी साधारण एकच पिल्लू देते, म्हणून एक प्राणी गेला तरी नुकसान भरून यायला वेळ लागतो. त्याचे खवले आपल्या नखांसारख्याच केराटिनचे असतात. त्यांत पैसे आणणारे काहीही नसते.

प्राणी पकडून देणारा बहुतेकदा जंगलालगतचा गरजू माणूस असतो. थोड्या पैशांसाठी जोखीम तो घेतो, गुन्हा त्याच्यावर दाखल होतो आणि पाऊस पाडणारा महाराज गायब होतो.

कायदा काय सांगतो?

खवल्या मांजर वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. म्हणजे त्याला वाघाइतकेच संरक्षण आहे. त्याची शिकार केल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास होऊ शकतो.

चमत्कार दाखवून लोकांना फसवणे आणि त्यातून पैसे कमावणे हा महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यासाठी सहा महिने ते सात वर्षे कारावास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंडाची तरतूद आहे. हा कायदा डिसेंबर २०१३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात मंजूर झाला. योगायोगाने नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पही त्याच महिन्यात घोषित झाला.

काय लक्षात ठेवावे?

डाऊन्स यांनी आयुष्यभर हवेतून नाणी काढली, पण प्रयोग संपल्यावर टोपीत आणि हातात मिळून तेवढीच नाणी असत, जेवढी ते घरून घेऊन निघत. त्यांची कमाई तिकीटविक्रीतून येई. त्यामुळे कुणी हवेतून पैसे काढून दाखवत असेल आणि त्याबदल्यात आगाऊ रक्कम किंवा एखादा प्राणी मागत असेल, तर ती फसवणूक आहे. अशा वेळी जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करावी. वन्यजीव पकडले किंवा विकले जात असल्याचे कळल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर माहिती देता येते.