वाद्यवृंदाचे अग्रणी : मेहली मेहता

देवळातील उत्सवात कर्नाटक गायनाच्या साथीला वाजणारे व्हायोलिन मंचेरियलकरांच्या कानांना परिचित आहे. पाश्चात्त्य वाद्यवृंदात मात्र या वाद्याचे स्थान निराळे असते. तेथे पंचवीस-तीस व्हायोलिने एकत्र वाजतात. त्यांच्या अग्रभागी बसणारा प्रमुख वादक कार्यक्रमापूर्वी सर्व वाद्ये एका सुरात जुळवून घेतो, गज कोणत्या दिशेने फिरावेत हे ठरवितो आणि संचालकाचे मनोगत सहकाऱ्यांपर्यंत पोहोचवितो. या जबाबदारीच्या आसनावर मुंबईत दशकभर सेवा केलेले थोर कलावंत म्हणजे मेहली मेहता.

त्यांचा जन्म २५ सप्टेंबर १९०८ रोजी मुंबईतील पारशी कुटुंबात झाला. १९३५ साली त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्राची स्थापना केली. पहिली दहा वर्षे ते त्याचे प्रमुख व्हायोलिनवादक होते. पुढे संचालकपदही त्यांनी सांभाळले. गोमंतकीय वादक, पारशी हौशी कलावंत आणि नौदलाच्या बँडमधील फुंकवाद्ये वाजविणारे यांची मोट त्यांनी बांधली. परंतु वादकांना नियमित वेतन देऊन पोसणारा वाद्यवृंद त्या काळी मुंबईत उभा राहू शकला नाही, आणि हीच त्यांच्या आयुष्यातील मोठी खंत ठरली.

आपली विद्या अपुरी आहे, असे वाटल्यावरून १९४५ साली घरसंसार मुंबईत ठेवून ते न्यूयॉर्कला गेले. नामवंत व्हायोलिनगुरू इव्हान गलामियन यांच्यापाशी, सदतिशीच्या सुमारास, ते पुन्हा विद्यार्थी झाले. घरी झुबिन आणि झरीन हे दोन पुत्र लहान होते. पित्याच्या पुनरागमनानंतर तालमी पाहतच झुबिन वाढले आणि पुढे जगद्विख्यात संचालक झाले.

१९५५ साली मेहलींनी मँचेस्टर गाठले. जॉन बार्बिरोली यांच्या हॅले वाद्यवृंदात त्यांना सहप्रमुख व्हायोलिनवादकाची जागा मिळाली. स्वतःच्या वाद्यवृंदाचे संस्थापक असलेल्या या गृहस्थांनी परदेशात दुय्यम आसन स्वीकारताना कमीपणा मानला नाही. १९५९ मध्ये ते फिलाडेल्फियाच्या कर्टिस चतुष्टयात दाखल झाले.

१९६४ साली लॉस एंजेलिस येथे त्यांनी विद्यापीठात अध्यापनास आरंभ केला आणि व्यवसायाच्या उंबरठ्यावरील तरुण वादकांसाठी अमेरिकन यूथ सिंफनी उभारली. वयाच्या नव्वदीला टेकेपर्यंत, म्हणजे १९९८ पर्यंत, ते तिचे संचालन करीत होते. १९ ऑक्टोबर २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

ती संस्था २०२४ साली बंद पडली. तरी तिच्यात तयार झालेले वादक अमेरिकेतील अनेक वाद्यवृंदांत स्थिरावले. ज्या मुंबईत त्यांची उमेद अपुरी राहिली, तेथे १९९५ साली त्यांच्या नावाने स्थापन झालेल्या प्रतिष्ठानाने मुलांना पाश्चात्त्य संगीत शिकविण्याचे कार्य हाती घेतले. मंदिराप्रमाणेच वाद्यवृंदही अनेक हातांनी चालतो, आणि पुढील पिढी तयार करणे हे त्यातील पहिल्या आसनावरील व्यक्तीचे कर्तव्य होय. मेहली मेहता यांनी ते अखेरपर्यंत निभावले.