वकिली सोडली आणि घोड्यावर बसून शाळा तपासत फिरला : अमेरिकेतल्या सरकारी शाळांचा पाया घालणारे होरेस मॅन

अमेरिकेत राहणारा तुमचा एखादा नातेवाईक असेल आणि त्याची मुलं तिथल्या सरकारी शाळेत जात असतील, तर त्याला एकदा विचारून बघा. स्कूल डिस्ट्रिक्टकडून घरी सारखं काही ना काही येत असतं. यंदाचं बजेट किती, एका मुलामागे खर्च किती, इमारतीच्या सुरक्षेसाठी काय केलं, अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांना कोणती मदत मिळणार, असं सगळं.

शाळेचा हिशोब पालकांसमोर मांडायचा असतो, ही सवय अमेरिकेला आपोआप लागली नाही. ती लावण्यासाठी ज्यांनी आयुष्य घालवलं, त्यात सगळ्यात मोठं नाव आहे होरेस मॅन यांचं.

४ मे १७९६ रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या फ्रँकलिन नावाच्या गावात त्यांचा जन्म झाला. घर शेतकऱ्याचं, परिस्थिती बेताची. लहान वयातच होरेसला कामाला जुंपलं गेलं. टोप्या बनवण्यासाठी गवताच्या काड्यांच्या वेण्या वळायच्या, त्याचे जे पैसे येतील त्यातून पुस्तकं घ्यायची. शाळा वर्षातून जेमतेम आठ-दहा आठवडे.

पण या गावाचं एक नशीब होतं. गावाला नाव मिळालं होतं ते बेंजामिन फ्रँकलिन यांच्यावरून. गावकऱ्यांनी त्यांच्याकडे चर्चसाठी घंटा मागितली होती. फ्रँकलिन यांनी घंटेऐवजी पुस्तकं पाठवली. त्या पुस्तकांचं गावात वाचनालय झालं आणि शाळेत फारसं न गेलेला होरेस तिथे वाचून मोठा झाला.

१८०९ मध्ये वडील गेले. पुढच्याच वर्षी मोठा भाऊ बुडून मेला. त्याच्या अंत्यविधीला गावच्या धर्मोपदेशकाने सांत्वन करायचं सोडून, श्रद्धा न ठेवता मरणाऱ्यांचं काय होतं यावर प्रवचन दिलं. आईचं रडणं होरेसने ऐकलं आणि त्या कडक धर्मापासून तो कायमचा दूर गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे शाळेच्या भांडणात ती परत येते.

खासगी तयारी करून तो ब्राउन विद्यापीठात गेला, १८१९ मध्ये पदवी घेतली, कायदा शिकला. वकिली चांगली चालायला लागली. १८२७ मध्ये राज्याच्या विधिमंडळात निवडून आले. तिथे त्यांनी मनोरुग्णांचा प्रश्न हाती घेतला. तेव्हा अशा लोकांना तुरुंगात नाहीतर गोठ्यासारख्या खोल्यांत कोंडून ठेवायचे. मॅन यांनी माहिती गोळा केली, आकडे सभागृहापुढे ठेवले आणि वूस्टरला सरकारी रुग्णालय उभं राहिलं. आधी माहिती, मग मागणी, ही त्यांची पद्धत इथूनच सुरू झाली.

याच काळात घरी मोठा घाव बसला. १८३० मध्ये लग्न झालं आणि दोनच वर्षांत पत्नी शार्लट गेली. मॅन पुरते कोलमडले. बॉस्टनला जाऊन त्यांनी स्वतःला कामात बुडवून घेतलं.

तेव्हाचं डिस्ट्रिक्ट म्हणजे काय होतं?

१८३७ मध्ये मॅसॅच्युसेट्सने राज्याचं शिक्षण मंडळ स्थापन करायचा कायदा केला. मॅन तेव्हा राज्याच्या सिनेटचे अध्यक्ष होते. मंडळाचा पहिला सचिव म्हणून त्यांनाच विचारणा झाली. चालती वकिली आणि राजकारणातली वरची खुर्ची सोडून त्यांनी होकार दिला तेव्हा मित्रांनी त्यांना वेड्यात काढलं.

कारण या सचिवाला अधिकार जवळपास शून्य होते. तो एकाही शाळेला हुकूम देऊ शकत नव्हता, कर बसवू शकत नव्हता, शिक्षकाला काढू शकत नव्हता. त्याने माहिती जमवायची आणि दरवर्षी अहवाल द्यायचा, बस्स.

आणि खरा कारभार होता डिस्ट्रिक्टच्या हातात. आजचं डिस्ट्रिक्ट म्हणजे डझनभर शाळा आणि मोठं कार्यालय. तेव्हा मात्र एकाच गावाचे अनेक तुकडे पाडून प्रत्येक तुकड्याला डिस्ट्रिक्ट म्हणायचे. प्रत्येकाची एक खोलीची शाळा आणि एक स्थानिक कारभारी. शिक्षक हाच कारभारी निवडायचा. कर वाचवायचा म्हणून सगळ्यात स्वस्त मिळेल तो शिक्षक. पैसेवाले आपली मुलं खासगी शाळेत घालायचे आणि गावच्या शाळेसाठी कर द्यायला नाक मुरडायचे. शाळा कर भरणाऱ्यांची नाही आणि तिथे शिकणाऱ्यांना बोलायची ताकद नाही, असा सगळा मामला.

मॅन घोड्यावर बसून राज्यभर फिरले. शेकडो शाळा स्वतः पाहिल्या. जे दिसलं ते १८३८ मध्ये शाळांच्या इमारतींवरच्या खास अहवालात लिहिलं. दुसऱ्या कशाला उपयोगी नाही अशी रस्त्याकडेची जागा शाळेला दिलेली. खोलीत हवा खेळत नाही. शेगडीजवळची मुलं भाजतात आणि कोपऱ्यातली कुडकुडतात. बाकांना पाठ नाही, लहान मुलांचे पाय दिवसभर लटकलेले. कित्येक ठिकाणी शौचालयच नाही. आज आपण ज्याला शाळेतली सुरक्षा आणि आरोग्य म्हणतो, त्यावर सरकारी पातळीवर इतकं बारकाईने तोवर क्वचितच कुणी लिहिलं होतं.

पण त्यांचं खरं हत्यार वेगळं होतं. त्यांनी राज्यातल्या गावांची यादी छापायला सुरुवात केली. कुठलं गाव एका मुलामागे शाळेवर किती पैसे खर्च करतं, त्यानुसार क्रम. पहिलं कोण, शेवटचं कोण, सगळ्यांना दिसणार. हुकूम देता येत नव्हता, पण लाज तर आणता येत होती. शेजारचं गाव आपल्यापुढे आहे हे कळल्यावर गावसभेत लोक प्रश्न विचारायला लागले.

कारखानदारांनाही त्यांनी पत्रं पाठवून विचारलं, की शिकलेल्या आणि न शिकलेल्या कामगारात तुम्हाला काय फरक दिसतो. उत्तरं अहवालात घातली. शाळेवरचा खर्च म्हणजे दानधर्म नाही, त्यातून राज्याची संपत्ती वाढते, हे कर देणाऱ्याला त्याच्याच भाषेत पटवायचं होतं.

पहिल्या दिवशी तीन विद्यार्थिनी

चांगली शाळा हवी तर शिकलेला शिक्षक हवा. एडमंड ड्वाइट या उद्योजकाने १० हजार डॉलर दिले, तेवढेच राज्याने घातले आणि ३ जुलै १८३९ रोजी लेक्सिंग्टनमध्ये शिक्षक घडवणारी सरकारी शाळा सुरू झाली. अमेरिकेतली अशी ही पहिलीच सरकारी संस्था. पहिल्या दिवशी आल्या फक्त तीन मुली.

विरोधकांना आयतं कोलीत मिळालं. १८४० मध्ये मंडळच बरखास्त करायचा प्रस्ताव विधिमंडळात आला. थोडक्यात निभावलं. शाळेत कुठल्याही एका पंथाची शिकवण नको, या मॅन यांच्या भूमिकेवर धर्मगुरू तुटून पडले.

१८४३ मध्ये त्यांनी मेरी पीबडी यांच्याशी दुसरं लग्न केलं आणि मधुचंद्रालाही युरोपातल्या शाळा पाहत फिरले. प्रशियात छडीशिवाय शिकवणारे शिक्षक दिसले, ते त्यांनी अहवालात लिहिलं. झालं! बॉस्टनच्या ३१ शिक्षकांनी एकत्र येऊन त्यांच्याविरुद्ध पुस्तिकाच छापली. मॅन यांनी उत्तर दिलं, तिकडून पुन्हा उत्तर आलं. शेवटी १८४५ मध्ये मॅन यांचे मित्र सॅम्युएल हाउ यांच्या पुढाकाराने बॉस्टनच्या मुलांची छापील प्रश्नपत्रिकेवर लेखी परीक्षा झाली. निकाल इतके वाईट लागले की काही शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या.

उणी बाजूही आहे

मॅन यांनी स्त्री शिक्षकांचा जोरदार पुरस्कार केला, पण त्या पुरुषांपेक्षा कमी पगारात मिळतात हा हिशोबही त्यामागे होता. कॅथलिक कुटुंबांना त्यांच्या शाळा प्रोटेस्टंट वळणाच्याच वाटत राहिल्या. आणि बॉस्टनमध्ये कृष्णवर्णीय मुलांना वेगळ्या शाळेत बसवलं जात होतं, त्यावर सचिव असताना ते गप्प राहिले. गुलामगिरीविरोधी नेत्यांनी त्यांना यावरून धारेवर धरलं.

१८४८ मध्ये त्यांनी पद सोडलं. तोवर १२ अहवाल झाले होते, शाळांसाठीचा सरकारी पैसा दुपटीच्या वर गेला होता आणि सुमारे ५० नवी हायस्कूल उघडली होती. योगायोग बघा, त्याच वर्षी पुण्यात जोतिराव फुले भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू करत होते.

पुढे मॅन अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये गेले आणि तिथे मात्र गुलामगिरीविरुद्ध उघड लढले. १८५३ मध्ये ओहायोतल्या अँटिऑक कॉलेजचे पहिले अध्यक्ष झाले. मुलं-मुली एकत्र शिकणार, स्त्री प्राध्यापकाला पुरुषाइतकाच पगार. पण ज्या माणसाने राज्यभर शाळांच्या पैशाचा हिशोब मांडला, त्याचं स्वतःचं कॉलेज कर्जात बुडालं. १८५९ मध्ये त्याचा लिलाव झाला. हितचिंतकांनी ते विकत घेऊन वाचवलं, पण या धावपळीत मॅन खचले. २ ऑगस्ट १८५९ रोजी त्यांचं निधन झालं.

त्यांनी ज्यांच्याशी झगडा केला ती एका खोलीची डिस्ट्रिक्ट मॅसॅच्युसेट्सने १८८२ मध्ये कायमची मोडीत काढली आणि शाळा गावाच्या ताब्यात दिल्या. डिस्ट्रिक्ट हा शब्द देशात टिकला. आज तिथून पालकांना येणाऱ्या कागदात एका मुलामागे किती खर्च होतो, हा आकडा असतोच. शेजारच्या डिस्ट्रिक्टचा आकडा किती, हे पालक लगेच शोधतात आणि सभेत जाऊन विचारतात. मॅन यांना नेमकं हेच हवं होतं.