करवत झाडापर्यंत नेणारा : अँड्रियास श्टील

लाकडाच्या धंद्यात यंत्र शिरले ते गिरणीच्या वाटेने. वाफेच्या जोरावर चालणारी करवत एका जागी बसलेली, आणि ओंडके तिच्याकडे वाहून न्यायचे, अशी रीत होती. प्रत्यक्ष जंगलात मात्र कुऱ्हाड आणि दोघांनी ओढायची करवत यांचेच राज्य राहिले. ही रीत उलटी करून करवतच झाडापर्यंत नेण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांत अँड्रियास श्टील यांचे नाव आधी घ्यावे लागते.

त्यांचा जन्म १८९६ साली झुरिकला झाला. पहिल्या महायुद्धानंतर ते अभियंता झाले आणि १९२६ मध्ये जर्मनीतील श्टुटगार्ट येथे त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. सुरुवातीचा माल बॉयलरच्या भट्टीला जोडायच्या उपकरणांचा होता. पण त्याच वर्षी त्यांनी विजेवर चालणारी साखळी-करवत तयार केली. तिचे वजन ६४ किलो. ती धरायला दोन माणसे लागत. शिवाय जंगलात वीज कुठून आणायची? वखारीत ती शोभली, झाडाखाली नाही. १९२७ साली एमिल लेर्प या दुसऱ्या जर्मन गृहस्थांनी थुरिंगियातील डोल्मार टेकडीवर पेट्रोलची करवत चालवून दाखवली. श्टील यांची पेट्रोल-करवत १९२९ ची. सहा अश्वशक्तीची, ४६ किलोंची. म्हणजे जवळजवळ अर्धा क्विंटल ओझे घेऊन डोंगरउतारावर एका झाडाकडून दुसऱ्याकडे जायचे! बुंधा झपाट्याने कापला जाई हे खरे, पण फांद्या छाटायला पुन्हा कुऱ्हाडच हाती घ्यावी लागे. यंत्राचा वेग आणि दिवसाचे काम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या यंत्राने चांगलेच दाखवून दिले.

त्यांच्या चरित्रातील एक पान चरित्रकाराला टाळता येणार नाही. ते नाझी पक्षाचे आणि एस. एस. संघटनेचे सभासद होते. युद्धकाळात त्यांच्या करवती लष्करासाठीही बनत. युद्धानंतर दोस्तांनी त्यांना स्थानबद्ध केले. यंत्रातील बुद्धिमत्ता हा या गोष्टीचा जबाब होऊ शकत नाही.

सुटकेनंतर त्यांनी पुन्हा त्याच प्रश्नाला हात घातला. १९५० साली एका माणसाने चालवायची पेट्रोल-करवत आली, वजन १६ किलो. १९५९ ची ‘कॉन्ट्रा’ १२ किलोंवर उतरली. मधली दंतचक्रे काढून टाकून इंजिनाने साखळी थेट फिरवली. शक्ती मात्र तीच, सहा अश्वशक्ती! तीस वर्षांत शक्ती न घटता वजन चौथाईच्या आसपास आले, यातच सारे मर्म आहे. आता तोच माणूस त्याच हत्याराने झाड पाडी, फांद्या छाटी आणि ओंडक्याचे तुकडेही करी.

याचा फायदा लावलेल्या वनांत विशेष दिसतो. युद्धोत्तर जर्मनीत बेसुमार तोड झालेल्या डोंगरांवर स्प्रूसची ओळीने लागवड झाली. अशा वनात झाडे एका वयाची, बारीक आणि असंख्य. विरळणी करताना एकेका झाडाला कापायला थोडाच वेळ लागतो. दिवस जातो तो चालण्यात, वाकण्यात आणि छाटण्यात. तेथे जड यंत्र कितीही बलवान असले तरी हरते.

पण हलके यंत्र दिवसभर हातात राहू लागले आणि त्याची थरथर हाडांत भिनू लागली. कामगारांची बोटे थंडीत पांढरी पडत, बधिर होत. उत्पादकतेच्या तक्त्यात या बोटांसाठी रकाना नसतो. १९६० च्या दशकाच्या मध्यास श्टील यांच्या कारखान्याने मुठी इंजिनापासून रबराने अलग करून हा त्रास कमी केला. करवत उसळून अंगावर आल्यास साखळी क्षणात थांबवणारा ब्रेक १९७२ मध्ये आला. पुढच्याच वर्षी, १४ जानेवारी १९७३ रोजी, श्टील वारले. कारखाना त्यांच्या मुलांच्या हाती गेला.